आधी इनिशिएटिव्ह, मग बाण

माझा मामेभाऊ मे २०२४ मध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेला. जाताना स्कूटर विकली, कुंड्या मामीकडे दिल्या आणि डीएमचा पडदा माझ्या हातात ठेवला. "आता तू चालव," म्हणाला, आणि गेला.

दोन वर्षं मी त्याच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत होते. मारामारी सुरू झाली की तो सांगेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा, तो सांगेल तेव्हा थांबायचं. डीएम म्हणजे या खेळाचा सूत्रधार, आणि पडदा म्हणजे त्याच्या नोंदी भिडूंपासून झाकणारा उभा पुठ्ठा. गोष्ट त्याची, राक्षस त्याचे आणि भांडण झालं तर पंचही तोच. गोष्ट रचायची मला भीती नव्हती, चित्रविचित्र आवाज काढायचीही नाही. मारामारीच्या पहिल्या मिनिटाला मात्र पोटात गोळा यायचा. कुणी कुणाला बेसावध गाठलं, आधी कोण, नंतर कोण, हे ठरायच्या आतच चार जणं एकदम बोलायला लागतात. ते नीट जमायला मला जुलै ते जानेवारी लागले. पहिल्यांदा हा पडदा उभा करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून तारीखवार लिहिते आहे.

भिडू चार, प्रत्येकाचं गोष्टीत एक पात्र. नवरा जादूगार, धाकटे दीर चिलखतवाले पॅलाडिन, शेजारची कॉलेजातली मुलगी रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारी, आणि माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी रेंजर, म्हणजे रानात वावरणारे तिरंदाज. सर २००४ च्या सुमारास अमेरिकेत शिकत होते, तेव्हा भरपूर खेळलेले. ते येणार म्हटल्यावर मला आधार वाटला होता. त्या आधाराची गंमत पुढे येतेच.

आमच्या घरात पाच माणसं, पुस्तकं आणि चहा एका टेबलावर मावत नाहीत, म्हणून १० जूनला सोसायटीच्या क्लबहाउससाठी अर्ज केला. अर्जात 'प्रयोजन' या रकान्यात 'फाशांचा खेळ' असं लिहिलं, ही माझी चूक. सेक्रेटरींचा फोन आला, "पैसे लावून खेळणार का?" मग पैसे लावणार नाही असं हमीपत्र, खेळणाऱ्यांची यादी, त्यातल्या बाहेरच्यांची आधार झेरॉक्स. कमिटीची बैठक २३ जूनला झाली, तेव्हा मंजुरी आली. भाडं तीन तासांचे ३०० रुपये, डिपॉझिट १,०००. तुम्ही अर्ज कराल तेव्हा 'कथाकथन व बैठे खेळ' असं लिहा.

खर्चाचं म्हणाल तर फाशांचे दोन संच ३५० रुपयांना एक. २०१४ च्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात, त्यातला मारामारीचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतला, ७० रुपयांत. सुरुवातीला एवढं पुरतं. महागडी पुस्तकं नंतर घ्या.

६ जुलै, शनिवार, दुपारी चार. जंगलातल्या पडक्या जकात चौकीत तीन गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, शेकोटीभोवती बसलेत, असं मी वर्णन करत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, मी बाण सोडते!"

मी म्हटलं, सोड. फासा पडला, बाण लागला, एक गॉब्लिन आडवा. लगेच सर म्हणाले, "हा सरप्राइज राउंड झाला. आता आम्हालाही एकेक ॲक्शन." मला ते पटलं, कारण सरांचा आवाज ठाम होता आणि माझा नव्हता. त्यांचा बाण, दिरांची तलवार, नवऱ्याचा जादुई तीर. मग मी घाम पुसत इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा, टाकायला सांगितलं, तर त्यात पहिला नंबर पुन्हा त्याच मुलीचा. गॉब्लिनांची पाळी यायच्या आत तिन्ही गॉब्लिन संपले. तीन तासांसाठी तयार केलेला खेळ सव्वापाचला संपला. उरलेला वेळ आम्ही बटाटेवडे खात काढला. सगळे खूश होते, मी सोडून.

त्या रात्री छापील पानं घेऊन बसले. नियम चार ओळींचा आहे आणि त्यात क्रम स्पष्ट दिलाय. आधी डीएमने ठरवायचं, कुणी बेसावध आहे का. मग कोण कुठे उभं आहे. मग सगळ्यांनी इनिशिएटिव्ह टाकायचा, म्हणजे वीसचा फासा अधिक चपळाईचा आकडा, आणि मोठ्या आकड्यापासून खाली पाळ्या. त्यानंतर पहिला बाण. मी शेवटची पायरी आधी घेतली होती.

"मी बाण सोडते" ही भिडूची फक्त इच्छा असते. ती कानावर पडली की डीएमने थांबवायचं आणि म्हणायचं, "इनिशिएटिव्ह टाका." बाण सुटतो तो तिची पाळी आल्यावर. एक राउंड सहा सेकंदांचा मानलेला आहे. त्या सहा सेकंदांत ती भात्याकडे हात नेते तेव्हाच समोरचाही काहीतरी करत असतो, आणि कोण आधी ते फासा सांगतो. तोंडाने आधी बोललेल्याला आधी वार मिळाला, तर टेबलावर सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस प्रत्येक लढाई जिंकेल. आमच्याकडे ते दीर असतील.

सरांचा सरप्राइज राउंड या पानांत मला सापडेना. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ते खेळले होते तिसऱ्या आवृत्तीत. २००० साली आलेल्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या त्या नियमांत खरोखरच वेगळा सरप्राइज राउंड होता, ज्यात सावध असलेल्यांना एक छोटी चाल मिळायची. २००८ च्या चौथ्या आवृत्तीतही होता. २०१४ मध्ये तो काढला. त्या आवृत्तीत वेगळा राउंड नाही. पहिलाच राउंड असतो, आणि जो बेसावध आहे त्याला त्यातल्या आपल्या पाळीत हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत प्रतिक्रियाही (दुसऱ्याच्या पाळीत झटकन करायची कृती) देता येत नाही. सर हसून म्हणाले, "म्हणजे मी वीस वर्षं जुना झालो." आणखी मागे गेलं तर १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक बाजूने सहाचा फासा टाकायचा, एक किंवा दोन पडलं की ती अख्खी बाजू बेसावध. पाळ्याही बाजूबाजूनेच. आपल्याकडे सारीपाट खेळलेल्या आजीला हे अर्ध्या मिनिटात समजलं असतं.

पुढचे दोन आठवडे मी रात्री जेवणाच्या टेबलावर एकटीने सराव केला. गॉब्लिन म्हणजे राजम्याचे दाणे, भिडू म्हणजे चवळी. नवऱ्याने एकदा राजमा परत डब्यात भरला, तेव्हा एक लढाई अर्धवट राहिली.

२० जुलैला रीतसर दबा धरायचं ठरलं. नियमाप्रमाणे लपणाऱ्या प्रत्येकाने स्टेल्थचा फासा टाकायचा आणि तो आकडा समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्ह परसेप्शनशी ताडायचा. पॅसिव्ह म्हणजे कुणी मुद्दाम कान टवकारले नसतानाही जेवढं जाणवतं ते: १० अधिक त्याचा परसेप्शनचा आकडा. गॉब्लिनांचा ९. ही सोय फार कामाची आहे. डीएमने "सगळ्यांनी परसेप्शन टाका" म्हटलं की भिडू लगेच तलवारी उपसतात, काही दिसलेलं असो वा नसो. म्हणून मी चौघांचे पॅसिव्ह आकडे आधीच विचारून पडद्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते.

मुलीला १९ पडले. सरांना १७, नवऱ्याला ११. दिरांच्या अंगात साखळ्यांचं चिलखत, त्यामुळे त्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. पडले १४ आणि ३.

"तीन," दीर म्हणाले. शांतता.

"भाऊजी, तुमचं चिलखत खणखणलं. गॉब्लिननी वळून पाहिलं."

"वहिनी, एकट्या माझ्यामुळे सगळ्यांचं सरप्राइज गेलं?"

गेलं. नियम असा की एकाही धोक्याची चाहूल लागली तर तो प्राणी बेसावध राहत नाही. मुलगी रुसली, "मी तर १९ टाकले होते!" इथे मी पुस्तक उघडलं आणि सहा जुलैची थोडी भरपाई झाली. बेसावध असणं आणि लपलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॉब्लिन सावध झाले, पण त्यांना दिसले फक्त दीर. ती अजून झाडामागेच होती. तिची पाळी आली तेव्हा तिने न दिसता बाण मारला, म्हणून तिला अ‍ॅडव्हान्टेज मिळाला, दोन फाशांतला मोठा आकडा. लपाछपीत एकाचं नाव पुकारलं गेलं तरी दुसऱ्याला मागून येऊन धप्पा देता येतोच की. हे उदाहरण दिल्यावर वाद मिटला. मला वाटतं, हा सगळा नियम धप्प्यावरून शिकवावा.

चिलखत काढून ठेवू का, असं दिरांनी पुढच्या वेळी गंभीरपणे विचारलं. काढायला पाच मिनिटं, चढवायला दहा. सहा सेकंदांच्या राउंडांत दहा मिनिटं म्हणजे शंभर पाळ्या. ते नको म्हणून आम्ही आमच्या टेबलापुरतं ठरवलं की लपताना गटाचा फासा धरायचा: निम्मे किंवा जास्त जमले तर सगळे लपले. पुस्तकात गटाच्या फाशाचा नियम आहेच, तो आम्ही इथे लावला. दिरांनी त्या संध्याकाळी सर्वांना कोल्ड कॉफी पाजली.

पाळ्यांचा हिशेब ठेवायला मी आधी वही वापरत होते. खाडाखोड इतकी व्हायची की नवऱ्याची पाळी एकदा राहूनच गेली आणि घरी जाईपर्यंत तो बोलला नाही. (घरी गेल्यावर बोलला.) मग एका जुन्या बॉक्स फाइलचा पुठ्ठा उभा केला आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. प्रत्येक चिमट्यावर एकेकाचं नाव, गॉब्लिनांचा लाल. आकडे आले की चिमटे क्रमाने पुठ्ठ्याच्या कडेवर लावायचे. सगळ्यांना दिसतात, पुढचा कोण ते विचारावं लागत नाही. कुणी थांबून राहिला तर त्याचा चिमटा आडवा. डझनभर चिमटे ४० रुपये. या सहा महिन्यांतली माझी सर्वात चांगली खरेदी.

आकडे गोळा करतानाही "तुझे किती, तुझे किती" असं करू नका. "वीस किंवा वर कोण? पंधरा ते एकोणीस?" असं वरून खाली उतरत यायचं, अर्ध्या मिनिटात होतं. एकसारख्या राक्षसांचा एकच फासा. तो मी आदल्या रात्रीच टाकून ठेवते. भिडूंचे आकडे सारखे आले तर त्यांनी आपापसांत ठरवायचं, भिडू आणि राक्षस यांचे सारखे आले तर डीएमने. मी पुन्हा फासा टाकते, म्हणजे माझ्यावर आळ येत नाही.

३ ऑगस्टला पारडं फिरवलं. या वेळी घाटवाटेवरच्या झाडीत दबा गॉब्लिनांनी धरला होता. चार गॉब्लिन, स्टेल्थ १७. भिडूंचे पॅसिव्ह आकडे १४, १३, ११, १०. चौघेही बेसावध. मी हे जाहीर केलं तेव्हा बाहेर पाऊस इतका होता की दोनदा सांगावं लागलं.

इनिशिएटिव्हमध्ये नवऱ्याला २० आले, गॉब्लिनांना १४, बाकी सगळे खाली. नवऱ्याची पाळी पहिली. "तू बेसावध आहेस, काही करू शकत नाहीस," मी म्हटलं आणि चिमट्यावर बोट ठेवून पुढे सरकले. मग गॉब्लिनांचे बाण. दोन त्याच्यावर, लपून मारलेले म्हणून दोन-दोन फासे टाकून. आले १५ आणि १६. त्याचं संरक्षण १२. मी नुकसानीचे फासे हातात घेतले, तोच मुलगी ओरडली, "काका, शील्ड!"

"अगं, मी बेसावध आहे ना?"

"काका, तुमची पाळी होऊन गेली!"

मी पानं चाळली. बरोबर होतं. बेसावधपणा त्याची पहिली पाळी संपताच संपतो. त्याचा आकडा मोठा होता म्हणून त्याची रिकामी पाळी लवकर संपली आणि प्रतिक्रिया परत मिळाली. शील्ड हा मंत्र प्रतिक्रियेतच म्हणायचा असतो आणि पुढची पाळी सुरू होईपर्यंत संरक्षण पाचने वाढवतो. १२ चे १७ झाले. दोन्ही बाण वाया. नवरा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, स्वतःसाठीच. बेसावध असतानाही इनिशिएटिव्ह टाकायचा असतो तो का, हे मला त्या क्षणी समजलं. तोवर मला ती नुसती औपचारिकता वाटत होती.

पण याच लढाईत सरांचे हाल झाले. त्यांना पडले होते ५. पहिल्या राउंडमध्ये बाण खाल्ले, पाळी आली ती रिकामी, दुसऱ्या राउंडमध्ये गॉब्लिन पुन्हा त्यांच्या आधी. आपली पहिली खरी पाळी यायच्या आत ते शून्यावर जाऊन कोसळले. आमचा एक राउंड तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं चालायचा. जाताना म्हणाले, "मी आज फक्त चहा प्यायलो." चेष्टेत म्हणाले, तरी मला झोप आली नाही. माणूस आठवडाभर राबून शनिवारी तासभर रिक्षात बसून येतो आणि नियमाप्रमाणेच सगळं होऊन त्याला काहीच खेळायला मिळत नाही. २०१४ च्या नियमाची ही धार आहे. बेसावध आणि वर आकडा लहान, की शत्रूला लागोपाठ दोन संधी. खालच्या पातळीच्या पात्रांवर असा हल्ला करणार असाल तर गॉब्लिन दोनच ठेवा. मी चार ठेवले होते.

ऑगस्टमध्ये आणखी दोन डाव झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि क्लबहाउस मंडपाच्या सामानाने भरलं. १७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. आम्ही लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत असताना मामेभावाचा मेसेज आला, खेळाचं नवं नियमपुस्तक, प्लेयर्स हँडबुक, आजपासून विक्रीला, आणि सरप्राइजचा नियम बदललाय. ढोलाच्या आवाजात मी तो मेसेज तीनदा वाचला. नुकताच पाठ झालेला नियम!

पुस्तक मागवलं, ४,२०० रुपये. दोनदा 'उद्या येईल' असं येऊन शेवटी २५ ऑक्टोबरला आलं. नवा नियम एका वाक्याचा आहे: जो बेसावध आहे त्याला इनिशिएटिव्हवर डिसअ‍ॅडव्हान्टेज. बस. पाळी कुणाचीच जात नाही. दुसऱ्या बाजूला, दबा धरणारे स्टेल्थमध्ये किमान १५ आणून नीट लपले असतील तर ते अदृश्य धरले जातात आणि त्यांना इनिशिएटिव्हवर अ‍ॅडव्हान्टेज. फासे नको असतील तर १० अधिक चपळाई असा ठरावीक आकडाही घेता येतो, अ‍ॅडव्हान्टेज असेल तर त्यात पाच वाढवायचे, डिसअ‍ॅडव्हान्टेज असेल तर पाच वजा.

दिवाळीनंतर मत घेतलं. सर आणि दीर नव्याच्या बाजूने, नवरा जुन्याच्या (शील्ड!), मुलगी कडाडून विरोधात. एव्हाना तिची रोग तिसऱ्या पातळीवर जाऊन मारेकरी झाली होती, आणि जुन्या नियमात मारेकऱ्याचा बेसावध प्राण्यावर लागलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल असतो, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट. "माझा पत्ताच कट केला, काकू." नव्या पुस्तकात मारेकऱ्याला इनिशिएटिव्हवर कायमचा अ‍ॅडव्हान्टेज आहे आणि पहिल्या राउंडमध्ये लागलेल्या 'स्नीक अटॅक'वर, म्हणजे रोगच्या संधी साधून केलेल्या खास वारावर, पातळीइतकं जास्तीचं नुकसान. तिने वहीवर आकडेमोड केली, दोन दिवस घेतले आणि नाइलाजाने हो म्हणाली.

११ जानेवारी २०२५ ला मी मुद्दाम तीन ऑगस्टची घाटवाट पुन्हा मांडली. तेच चार गॉब्लिन, तीच झाडी. चौघे पुन्हा बेसावध. मुलीचा अ‍ॅडव्हान्टेज आणि बेसावधपणाचा डिसअ‍ॅडव्हान्टेज एकमेकांना खाऊन गेले, तिने एकच फासा टाकला: ४. नवरा ७. सर ९. गॉब्लिनांना मी दोन फासे टाकले, ६ आणि ९, त्यात दोन मिळवून ११. लाल चिमटा मी सगळ्यात वर लावणारच होते.

दिरांनी फासे ओंजळीत बराच वेळ खुळखुळवले. १७ आणि १५. लहान तो १५.

चिलखतवाला, खणखणणारा, कधीच पहिला न गेलेला पॅलाडिन त्या झाडीत सगळ्यांच्या आधी वळला. त्यांनी पाळीत काय केलं? जवळचा गॉब्लिन सोडून ते धावत जाऊन सरांच्या पुढे ढाल धरून उभे राहिले. सरांना त्या लढाईत दोनदा बाण लागला, पण ते पडले नाहीत, आणि दुसऱ्याच राउंडमध्ये त्यांनी दोन गॉब्लिन टिपले. अख्खी लढाई पन्नास मिनिटांत आटोपली.

माझं मत विचाराल तर घरच्यांबरोबर, नवख्यांबरोबर नवा नियम लावावा. जुन्यात भीती जास्त खरी होती. चौघे बेसावध आहेत असं ३ ऑगस्टला सांगितलं तेव्हा टेबलावर पसरलेली शांतता मला जानेवारीत ऐकू आली नाही, आणि तिची थोडी आठवण येते. पण सर आता दर शनिवारी वेळेच्या आधी येऊन बसतात.

मार्चपासून आम्ही सरांच्या घरी खेळतो, त्यांचं टेबल मोठं आहे. चिमटे तिथेच असतात, दोन हरवले. क्लबहाउसच्या डिपॉझिटचे हजार रुपये अजून परत मिळालेले नाहीत. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, कमिटीची बैठक पुढच्या रविवारी आहे.